उकंडा ओरडत नव्हता

दरवर्षी मे महिन्यात आमच्या नाल्यावर पुराची रंगीत तालीम होते. तहसीलचे साहेब येतात, मंडप पडतो आणि घोटाभर पाण्यात उकंडा बुडतो. हे काम पहिल्यापासून त्याच्याकडेच. नाल्यातल्या बाभळीवर चढायचं आणि "वाचवा, वाचवा" असा टाहो फोडायचा की पार बोरी अरबच्या बाजारात ऐकू जावा. मग गावातला पोहणारा पोरगा राजदीप कमरेला दोर बांधून जातो, त्याला खांद्यावर आणतो, टाळ्या होतात. एकदा उकंडा इतका छान बुडाला की साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाल्यात त्याहून कमी होतं.

ऑगस्टमधल्या त्या दुपारी गावात थेंब नव्हता. पाऊस वर कुठंतरी झाला, पाणी आमच्याकडे आलं. उकंडा तुरीच्या वावरातून परतत होता. लोंढा दिसला तेव्हा शेजारीच उंच बरड जमीन होती. पण सवय वाईट. तो धावत जाऊन आपल्या नेहमीच्या बाभळीवर चढला.

काठावर गाव जमलं.

"उकंडाले कायचं भेव? त्याचा तं धंदाच हाय," सरपंच सदाशिवराव म्हणाले. "पानी उतरलं का येईल खाली."

"आज आवाज नाही काढून राह्यला."

"साहेब नाहीत ना. कोनासाठी काढंन?"

दोघंचौघं हसली. तेवढ्यात उकंडाची बायको नलू पिठाच्या हातांनी आली. तिनं बाभळीकडे पाहिलं.

"हे बोलून काहून नाही राह्यले?"

"बोलाची काय गरज? दिसूनच तं राह्यला."

"भाऊ, भाजीत मीठ कमी पडलं तरी चार घरं ऐकतात यायचं बोलनं. आज तोंड उघडत नाहीत. जीव घाबरला त्यायचा."

बाभूळ किंचित कलली. मग कुणी हसलं नाही.

"जॅकेटं कुठं हायेत?" राजदीपनं विचारलं.

पुरासाठी आलेली जीवरक्षक जॅकेटं पंचायतीच्या कपाटात, साहेबांच्या हस्ते उद्घाटनाची फीत कापून ठेवलेली. किल्ली ग्रामसेवकाकडे. ग्रामसेवक दारव्ह्याला, आणि दारव्ह्याचा रस्ता याच पाण्याखाली.

"कुलूप सरकारी हाय," सदाशिवराव पुटपुटले. "फोडलं तं पंचनामा होईल."

"एक पंचनामा तं होनारच हाय, सरपंच," नलू म्हणाली. "कुलपाचा करता का मानसाचा, ते सांगा."

दगड सदाशिवरावांनी स्वतः शोधून आणला.

राजदीप पाण्यात उतरला तेव्हा जॅकेटावरचं प्लास्टिक तसंच होतं. दोर धरायला काठावर जागा पुरेना. दोनदा त्याचं डोकं दिसेनासं झालं, दोनदा वर आलं. तो बाभळीला पोचला, पण उकंडा फांदी सोडेना. तालमीत तो टुणकन खांद्यावर बसायचा.

"काका, सोडा. आपलं दरवर्षीचंच हाय."

बोटं हलेनात. बुंधा पुन्हा करकरला.

"बरं, नका सोडू. एकडाव वाचवा म्हना. मले सुरुवात समजत नाही."

उकंडाचे ओठ हलले. राजदीपलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "वाचवा." आणि त्याचे हात सुटले.

बाभूळ संध्याकाळी गेली.

यंदा मेमध्ये साहेबांनी पलीकडची बाभूळ मुक्रर केली. उकंडा चढला आणि गप्प बसला. पाणी घोटाभरच.

"आवाज येत नाही," साहेब माइकवरून म्हणाले. "जरा जोरात."

तोवर राजदीप निम्म्या वाटेवर पोचला होता, आणि दोराचं टोक नलूच्या मनगटाला दोन वेढे घालून बांधलेलं होतं.