बिअरच्या पेटीचा माफीअर्ज

फिलोमीनाला शाळेची बस चालवायची होती. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या त्या खाडीकाठच्या गावात मासळीचा कारखाना बंद पडल्यापासून धड नोकरी म्हणावी अशी तेवढीच उरलेली. पण अठराव्या वर्षी केलेली चोरी पोलिसांच्या कागदावर अजून तशीच होती. ती पुसायची तर माफी मंडळाकडे अर्ज करायचा, काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि ओळखीच्यांची पत्रं जोडायची.

स्वतःच्या शब्दांत! घोळ झाला तो इथंच. या गावात गोष्ट सरळ सांगणाऱ्याला कुणी चहाच्या दुसऱ्या कपाचा आग्रह करत नाही. अठ्ठावीस वर्षं फिलोमीना दर बैठकीत ती चोरी रंगवून सांगत आली होती, आणि तशीच तिनं लिहून पाठवली: अँब्रोजकाकांच्या शेडमधून बिअर उचलली, त्यांचीच होडी पळवली, पाठलाग करणारा पोलीस खाडीत पडला. शेजाऱ्यांनी प्रेमापोटी पाच पत्रं दिली. पाचही जणांनी म्हणे पोलिसाला पडताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

मंडळाचं उत्तर आलं. "आमच्या नोंदीत फक्त बिअरची एक पेटी आहे. होडी आणि पोलीस कुठले? महिन्याभरात खुलासा करा, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल."

"अगं बाई!" नणंद ब्रायडीनं कपाळावर हात मारला. "न केलेले गुन्हेसुद्धा कबूल करून बसलीस की!"

मग काय, फिलोमीना घरोघर फिरली. "लिहून द्या बाबांनो, मी थापाडी आहे म्हणून." चौघांनी हळहळत लिहून दिलं. पाचवे खुद्द अँब्रोजकाका. ऐंशी उलटलेले, आणि त्या गोष्टीमुळे गावात मोठा भाव खाऊन असलेले.

"होडी मी सोडणार नाही," काका फुरंगटून म्हणाले. "पोलीस हवा तर घे."

"काका, तेव्हा तुमच्याकडे होडी नव्हतीच!"

"म्हणून काय झालं?"

"मला ती बस हवीये हो." फिलोमीना म्हणाली. "कुणी पाठलागबिठलाग केला नाही. गावातल्या पोरी मला त्यांच्यात घेत नव्हत्या. बिअर नेली तर घेतील, वाटलं. पेटी उचलली, पण पुढे पाय उचलेना. तुमच्याच पायरीवर रडत बसले, पोलीस येईपर्यंत."

काकांनी चष्मा शोधून कागद ओढला आणि लिहून झाल्यावर तिच्या हातात दिला.

"होडी नव्हती. पोलीस पडला नाही. शेडला कुलूपही नव्हतं. पोरगी पायरीवर रडताना मला खिडकीतून दिसत होती. बाहेर जाऊन विचारायचं सोडून मी पोलिसांना फोन केला. माफी द्यायचीच तर दोघांना द्या."

फेब्रुवारीत माफी आली, बसही मिळाली. माफीवर नाव मात्र एकट्या फिलोमीनाचं होतं. काकांना माफी देणं मंडळाच्या हातात नव्हतं. ती द्यायला मग फिलोमीनाच गेली.