मल्लाप्पाची पडशी

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी जुनी, मळकी पडशी आहे खरी, पण रंगभूमी गाजवलेली पडशी आहे. पडशी म्हणजे खांद्यावर टाकायची लांब पिशवी. एक कप्पा पोटावर, एक पाठीवर.

चिक्कोडीच्या गंगव्वानं मला जाड कापडात दुहेरी टाके घालून शिवलं. तिचा नवरा मल्लाप्पा बेंगळुरात एका कारखान्यात फिटर होता. १९५८ साली इथल्या मराठी मंडळानं गणेशोत्सवात नाटक बसवलं. राजपुत्र सत्याच्या शोधात हिमालयाकडे निघतो आणि त्याचा सेवक सामान घेऊन मागोमाग चालतो, अशी गोष्ट. राजपुत्र झाले त्याच कारखान्यातले इंजिनिअर दामोदरपंत. सेवक झाला मल्लाप्पा. आठ वर्षं मंडळाच्या खुर्च्या मांडल्यावर त्याला हे काम मिळालं होतं. आणि वाक्यं किती? एकच, शेवटच्या प्रवेशात!

ते एक वाक्य त्यानं महिनाभर घोकलं. गंगव्वानं तर सगळ्या गल्लीला आमंत्रण दिलं. तालमीत कोणीतरी म्हणालं, पडशीत रद्दी भर. मल्लाप्पा म्हणाला, "खोटं ओझं घेतलं की चाल खोटी दिसती, अण्णा." त्यानं माझ्यात अर्धा मण ज्वारी भरली आणि वर घरचा वरवंटा कोंबला. मंडळी हसली आणि विसरली. दामोदरपंत स्वतःच्या भाषणांत इतके गुंग होते, की त्यांना याचा पत्ताच नव्हता. माझा मात्र एकही टाका उसवला नाही, हे लक्षात ठेवा.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी दिग्दर्शक मल्हाररावांनी शेवट बदलला.

"मल्लाप्पा, तुझं वाक्य काढलंय. लोक मोक्ष बघायला येतात, हमाल नाही. दामोदरपंत पडशी उचलून भिरकावतील, 'संसाराचं ओझं टाकलं' म्हणतील, की पडदा."

"पण साहेब, पडशीत..."

"सरी, सरी, कळलं! जा, तोंड रंगव."

बिचारा तोंड रंगवायला गेला. गंगव्वा पुढच्या रांगेत येऊन बसणार होती. तिला सांगायचा त्याला धीर झाला नाही. मला इतका राग आला होता म्हणून सांगू!

शेवटचा प्रवेश आला. मल्लाप्पानं मला खाली ठेवलं आणि मान खाली घालून उभा राहिला. दामोदरपंतांनी ऐटीत एका हातानं मला धरलं. मी हलले नाही. त्यांनी दोन्ही हात लावले, गुडघ्यांत वाकले, जटा डोळ्यांवर आल्या. कोणीतरी खुदकन हसलं. ठरलेलं वाक्य येईना, म्हणून पडदेवाला दोरी धरून तसाच उभा. दामोदरपंत धपकन माझ्याशेजारी बसले. भाषण पार विसरले. मग राजपुत्राच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात त्यांनी विचारलं, "अरे, एवढं घेऊन तू माझ्या मागं चालत होतास?"

मल्लाप्पानं आपलं कापलेलं वाक्य म्हटलं.

"तुम्ही पुढं बघा, महाराज. मागचं मी बघतो."

मांडवात टाळ्या पडल्या, अशा की थांबेनात! गंगव्वा उठून ओरडली, "बघा गं अक्का, आमचे मालक बोलले!" दामोदरपंत खरंच रडत होते. मल्हारराव मात्र नंतर सगळ्यांना सांगत होते, की हा शेवट त्यांनीच सुचवला होता.

पुढं हुबळीला, बेळगावला प्रयोग झाले. वाक्य राहिलं, ज्वारीही राहिली. १९६० साल उलटल्यावर नाटक बंद पडलं आणि मी मंडळाच्या पेटीत गेले. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. खाऊ देत, माझा रुबाब शाबूत आहे.

मित्रांनो, सत्य शोधायला निघालेल्या थोरांच्या गोष्टी तुम्ही खूप वाचाल. जरूर वाचा. पण त्यांच्या मागं कोण चालत होतं, तो जेवला का, त्याचे खांदे सोलले का, हेही विचारा. आमच्या नाटकाच्या छापील पत्रिकेत शेवटी नुसतं 'एक सेवक' असं लिहिलं आहे, पुढची जागा कोरी. कुठं ती पत्रिका सापडली, तर तेवढं शाईनं भरा: मल्लाप्पा, फिटर, चिक्कोडी.