मंदाच्या माहेरचं पाणी

मी नवागामची खाडी बोलतेय; इकडे ओढ्यालाही खाडीच म्हणतात. एका जागी थांबून बोलायचा माझा स्वभाव नाही, तेव्हा तुम्हीच काठाकाठाने चला.

माझा जन्म बारडोलीकडचा. तिथं उसाला कालव्याचं पाणी देतात. त्याचा पाझर सखल बांधाखाली जमतो आणि मी निघते. म्हणून भर मे महिन्यातही मी आटत नाही. दिंडोलीपर्यंत माझ्या तळाची वाळू दिसते. नवागामात, म्हणजे शहरात, शिरले की सांडपाणी आणि कापड गिरण्यांचा रंग अंगावर येतो. कधी लाल, कधी निळी होते. पुढे मिंढोळा नदीला मिळून समुद्र गाठायचा, तर भरती दिवसातून दोनदा मला मागे ढकलते. धड पुढे नाही, धड मागे नाही. जीव नुसता कासावीस होतो.

लोक मला गटर म्हणतात. एक मंदाबाई सोडून. ही लूमवर कापड विणणाऱ्या कामगाराची बायको, तीस वर्षांपूर्वी तापीकाठच्या सारंगखेड्याहून आली. दर श्रावणात रविवारी घरी कानबाई देवी बसवते, सोमवारी माझ्यात बोळवते आणि माझी मूठभर वाळू पाटावर घालून घरी नेते.

यंदा रस्त्यासाठी माझ्यावर स्लॅब पडतोय. मंदा जिथून माझ्यात उतरते, त्या पायऱ्यांपुरती मी उघडी होते. उद्या तेवढंही झाकणार. आणि आज ती कानबाई बोळवायला आली नेमकी भरतीला! वाळू कुठली, सगळा काळा गाळ. मुलगा योगेंद्र वैतागला.

"माय, हाई गटर शे! चाल, विसर्जनना कुंडवर जाऊत."

"गटर नई रे, तापीमाय शे. मन्हा माहेरनं पानी शे."

"तापी तठे शे, रांदेरकडे!" तो हसला.

मंदा खालच्या पायरीवर बसली. "पानी उतरू दे."

मला ओरडावंसं वाटलं. अरे शहाण्या, कालव्यात पाणी येतं कुठून? काकरापारच्या बंधाऱ्यातून, तापीचंच! तीस वर्षं तुझी आई बरोबर बोलतेय आणि मला तोंड नाही.

दोन तास ती हलली नाही. ओहोटी लागली तशी मी बारडोलीकडचं पाणी जोर करून आणलं. तिनं पायरीखाली हात घातला, गाळ बाजूला केला. मूठभर वाळू निघाली. कानबाई बोळवून तिनं ती पाटावर घातली. माझं पाणी डोळ्यांना लावून ती निरोप घेत म्हणाली, "येस वं माय."

उद्यापासून मला ऊन नाही. मी वाहीन, पण अंधारात, आणि त्याची मला भीती वाटते. मंदा, पुढच्या श्रावणात पाट घेऊन त्या नव्या रस्त्यावर आलीस, तर घडीभर उभी राहा. वाळू देता येणार नाही मला. पण खालून तुझ्या माहेरचं पाणी जातंय, एवढं योगेंद्रला पुन्हा एकदा सांग.