नळीच्या तोंडची टोपी

पांढरकवड्याच्या चांदमारीवर सकाळचं धुकं उतरलं की पलीकडची निशाणं दिसेनाशी होत, आणि प्रभावतीला तेच आवडे. पहाटे त्रिशरण-पंचशील म्हणून, शाळेची घंटा व्हायच्या आत ती इथे येई, गोणपाटावर पालथी होई आणि धुकं विरायची वाट पाही. मग दुधात कुणी काजळाचं बोट टेकवावं तसं निशाण हळूच उमटे. श्वास आत, श्वास बाहेर. तेवढा वेळ ती शाळेची बाई नसे, कुणाची सून नसे. जिनिंग मिलकडून तरंगत आलेला कापसाचा पुंजका तिच्या बाहीवर येऊन बसे, तर तो झटकावासाही वाटत नसे.

ही तंद्री मोडायची ती अगदी शेवटी. घोडा ओढायच्या अंमळ आधी तिचा डोळा मिटायचा. रायफलीची लाथ बसणार, हे खांद्याच्या आधी पापणीला कळायचं, आणि गोळी काळ्या वर्तुळाबाहेर जायची.

बासष्टच्या लढाईनंतर गावात रायफल क्लब निघाला. सुरुवातीला पुष्कळ बायका आल्या. दोन वर्षांनी तिघीच उरल्या: शाळेतली प्रभावती, दवाखान्यातली नर्स कांताबाई, आणि हमरस्त्यावर ट्रक दुरुस्त करणाऱ्या निजामुद्दीनची थोरली बहीण हुस्नाबी. नागपूरच्या स्पर्धेला त्यांतल्या दोघींनाच जायचं होतं. हुस्नाबीचं नक्की होतं. दुसरी जागा प्रभावतीची की कांताबाईची, ते रविवारी ठरणार होतं.

प्रभावतीला ती जागा फार हवी होती. नागपूर तिनं एकदाच पाहिलं होतं, दीक्षेच्या दिवशी, त्या अफाट गर्दीत वडिलांच्या मागून चालताना. त्या गावात आता आपलं नाव कुणीतरी मोठ्यानं पुकारावं आणि आपण उठून उभं राहावं, असं तिच्या मनात येई. मग इतकं हवं असण्याचीच तिला लाज वाटे.

क्लब चालवणारे पंजाबराव पलटणीतून निवृत्त झालेले. तिचा डोळा मिटतो हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं.

"आमच्या तोफाइच्या तोंडावर एक टोपी राहे," ते म्हणाले. "तिले भोकं. बार झाला का वायू त्या भोकातून फाके, अन् तोफ मागं कमी सरके. मझल ब्रेक म्हणत तिले. काय निजाम, होईन का लेथवर?"

"काहून नाही होणार?" निजामुद्दीन म्हणाला. "जिंदगीभर सायलेन्सरच बनवून राह्यलो ना मी."

त्यानं एक सोडून दोन टोप्या केल्या. एकीच्या दोन्ही बाजूंना रुंद फटी, दुसरीला फक्त वरच्या अंगाला बारीक भोकं. पंजाबरावांना शेजारी उभं करून त्यानं प्रभावतीच्या रायफलीच्या नळीवर आटे पाडले आणि दोन्ही टोप्या बसवून पाहिल्या.

"तुमच्यासाठी पण करू का एक?" त्यानं कांताबाईला विचारलं.

"मले नको टोपी-बिपी. लाथा खाऊनच मोठी झाली मी."

शुक्रवारी प्रभावतीनं आधी भोकांची टोपी लावली. नळीचं तोंड वर उसळेना, पण धक्का निम्मा उरलाच होता, आणि पापणी फसली. मग फटींची लावली. बार झाला. झोपेला आलेल्या मुलानं खांद्यावर डोकं टेकावं, तेवढाच भार खांद्यावर आला. डोळा उघडाच राहिला. समोरच्या काळ्यात पांढरं छिद्र कसं पडलं ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पुन्हा बार. पुन्हा छिद्र. सगळं मैदान तिच्यासाठी थांबल्यासारखं झालं.

"हीच," ती उठून म्हणाली.

हुस्नाबीची जागा तिच्या डाव्या हाताला असे; फटींतला बार तिकडेच फाकला होता. हुस्नाबीचा उजवा कान लहानपणी देवीच्या तापात दुखावला होता, त्यात रात्रंदिवस गुणगुण चाले. तरी तीच आधी बोलली. "हीच लाव तू. मी कानात बोळा घालीन. कापसाच्या मुलखात बोळ्याले काय तोटा?"

"थांबा बाई," पंजाबराव म्हणाले. "क्लबाचा रिवाज इसरल्या काय? रायफलीत ज्यानं बदल केला त्यानं शेजारच्या जागी निजाचं, अन् बार दुसऱ्यानं कराचा. मंग ठरवाचं."

"म्हणजे इले जितवाची तयारी माह्याच हातानं?" कांताबाई हसली, पण रायफल घेऊन आडवी झाली.

प्रभावती हुस्नाबीच्या गोणपाटावर पालथी पडली. ते अजून उबदार होतं, त्याला अत्तराचा वास होता. तिनं समोर पाहिलं, श्वास सोडला.

बार झाला तो समोर नव्हे, तिच्या गालावर. तापलेल्या हवेची चपराक बसली, दातांत माती आली, डोक्यावरचा पदर मागे उडाला. त्यानंतर काहीच ऐकू येईना. पाण्याच्या तळाशी बसून वर पाहावं तसं सगळं दिसत होतं. कांताबाईचे ओठ हलत होते, कावळे झाडावरून उठत होते, आवाज कशालाच नव्हता. फक्त कानात एक बारीक गुणगुण. हुस्नाबी रोज हेच ऐकते, असं तिच्या मनात आलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर हुस्नाबीला न कळवता, फक्त पंजाबरावांना सांगून तिनं निजामुद्दीनकडून टोपी बदलून घेतली.

रविवारी धुकं लवकर विरलं. भोकांच्या टोपीतून धूर सरळ वर जाई. धक्का बसे, पण प्रभावतीनं त्याला येऊ दिलं, पाहुण्याला दार उघडावं तसं. गोळ्या काळ्यात जाऊ लागल्या. शेजारी हुस्नाबी निवांत नेम धरत होती. सगळं मैदान मऊ होत होत दूर गेलं, आणि आता शेवटची गोळी, एवढं तिला कळलं. कळलं तेच चुकलं. पापणी मिटली.

पंजाबराव निशाणं पाहून आले. "कांताबाई," ते म्हणाले, आणि प्रभावतीकडे न बघता टोपी डोक्यावर नीट करू लागले.

माणसं पांगल्यावर हुस्नाबी तिच्याजवळ येऊन बसली.

"काहून बदलली?"

"तुमच्या कानासाठी, आपा."

"माह्या कानाले इचारलं होतं?"

प्रभावती गोणपाटाचा सुटलेला धागा ओढू लागली.

"मी हो म्हटलं होतं. लावजो म्हटलं होतं. तू इकडे गुपचूप पुण्य करून मोकळी झाली, अन् नागपुरात त्या कांताबाईचं घोरणं मले ऐका लागते. ते कोणत्या कानानं ऐकू?"

प्रभावतीला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले. कुणाला त्रास होऊ नये म्हणून आपण टोपी बदलली, एवढंच तिला ठाऊक होतं. जिच्यासाठी बदलली तिचा शब्द आपण बाजूला ठेवला, हे आत्ता ध्यानात येत होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "विचारायला पाहिजे होतं."

"कुठं हाये ती फटीवाली?"

"निजामभाईंच्या दुकानात."

"उद्या घेऊन ये. मी निजीन शेजारी. किती सोसते ते मी सांगीन, तू नको सांगू. नाहीच सोसलं तर निजामले फटी बारीक कराले लावू." हुस्नाबीनं तिच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. "स्पर्धा काय, पुढल्या सालीही होते."

प्रभावतीनं मान हलवली. मग दोघींनी दोन टोकं धरून गोणपाटं झटकली, आणि मातीबरोबर कापसाचे बारीक तंतू उन्हात वर गेले.