पाठीवरचं मीठ

राजाभाऊंनी डावा हात मागे नेला आणि पाठीवरचा शर्ट चिमटीत धरून सोडला. शर्ट परत जाऊन पाठीला चिकटला. सकाळचे साडेनऊ. लोखंडी माचावर उभं राहिलं की खालचा सगळा प्लँट दिसायचा, त्यापलीकडे समुद्राची राखाडी रेघ. हवा अशी होती की पिळली असती तर बादलीभर पाणी निघालं असतं. समोर चोवीस पंखे ओळीने भणभणत होते. एकेका पंख्याचा घेर खाट मावेल एवढा.

"उस्ताद, आज नको," जासिम म्हणाला.

"का नको? वहीत काय लिहिलंय ते वाच."

जासिमने कानामागचं पेन काढलं, वही उघडली आणि ओळीवर पेन टेकवलं. "पंधरा सप्टेंबर. पाती हिवाळी कोनावर आणणे."

"आज तारीख किती?"

"सतरा."

"मग? दोन दिवस तूच उशीर केलास. परमिट काढ, फिटर बोलाव. मी उभा आहे ना इथं."

जासिमने वही मिटली. "बघू उस्ताद. उद्या." आणि तो शिडी उतरायला लागला. ह्या सौदी पोराचं हिंदी, पिक्चर बघून आणि प्लँटवरच्या माणसांत वावरून, पक्कं झालं होतं. त्यात 'बघू' हा शब्द तर तो अगदी नाशिकच्या सरकारी कारकुनासारखा वापरायचा.

ह्या पंख्यांचं काम साधं होतं. नळ्यांतून उकळता माल यायचा, पंखे त्याच्यावर वारा सोडून तो थंड करायचे. उन्हाळ्यात पाती तिरकी ठेवायची, म्हणजे वारा जास्त. थंडीत हवा जड होते. तेव्हा पाती तशीच तिरकी राहिली तर मोटरी ओढून ओढून जळतात, म्हणून ती चपटी करायची. वर्षातून दोनदा, पान्याने, हाताने. कठीण होतं ते एवढंच, की उन्हाळा संपला हे ठरवायचं कुणी. कॅलेंडरवर संपतो तसा तो इथं संपत नाही. सप्टेंबरात दोन दिवस बरे जातात, माणूस हुरळतो, आणि तिसऱ्या दिवशी समुद्रावरून ओला वाफारा असा येतो की प्लँट घुसमटून बंद पडतो.

एकोणीस वर्षं हे राजाभाऊ ठरवत आले होते. डिप्लोमावाला माणूस, वर इंजिनिअरांची पलटण, पण ऑक्टोबर जवळ आला की मॅनेजरसुद्धा विचारायचा, "राजू उस्ताद, कधी?" राजाभाऊ माचावर जायचे, खाली यायचे आणि सांगायचे, "अजून नाही." एके दिवशी सांगायचे, "आज." कशावरून ठरवता हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आजपर्यंत एकदाही ते पंधरा ऑक्टोबरच्या फार आधी 'आज' म्हणाले नव्हते.

आणि हँडओव्हरच्या वहीत त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पंधरा सप्टेंबर लिहिलं होतं.

कंपनीचा सरकारदरबारी रंग पिवळा झाला होता. सौदी माणसं कमी, बाहेरची जास्त. रंग हिरवा करायचा तर राजाभाऊंच्या खुर्चीवर जासिम बसणं भाग होतं. तीस सप्टेंबरला करार संपणार, मग खुरूज, कायमचा एक्झिट. देश आपल्या पोरांना नोकऱ्या देत होता. यात चूक काहीच नव्हती, आणि राजाभाऊंना तेच जास्त झोंबत होतं. शिवी द्यायलासुद्धा जागा नव्हती.

त्यांना सहा महिने हवे होते. रेवा बारावीला होती, खोबरच्या भारतीय शाळेत. बोर्डाचे फॉर्म भरून झाले होते, परीक्षा मार्चमध्ये. बापाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला की आईचा आणि पोरीचाही गेला. बारावीच्या मध्यावर उचललेल्या पोरीला नाशिकमध्ये कोण घेणार? राजाभाऊ पर्सोनेलच्या खोलीबाहेर तीनदा बसून आले. एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला टोकन देऊन बसवलं. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "हँडओव्हर पूर्ण झालं का? झालं की खलास."

पूर्ण झालं नाही तर? ह्या एका प्रश्नावर राजाभाऊ आठ रात्री झोपले नव्हते. नवव्या दिवशी त्यांनी वहीत तारीख लिहिली. पाती लवकर चपटी होतील, वाफारा येईल, प्लँट बसेल, आणि मॅनेजर धावत येईल: राजू उस्ताद, तुमच्याशिवाय जमत नाही, मार्चपर्यंत थांबा.

फक्त हे सगळं तीस तारखेच्या आत व्हायला हवं होतं.

*

शीलाने शर्ट मशीनमध्ये टाकण्याआधी उजेडात धरला. ही तिची जुनी सवय.

"अजून मीठ नाही," ती म्हणाली.

तिलाच तेवढं ठाऊक होतं. ओल्या हवेत घामाचा शर्ट पाठीवर वाळत नाही. हवा फिरली, कोरडी झाली, की माचावरून उतरेपर्यंत शर्ट पाठीवरच वाळतो आणि त्याच्यावर मिठाचा पांढरा नकाशा उमटतो. तो उमटला की उन्हाळा संपला. एकोणीस वर्षं, दर ऑक्टोबरात, ती तो नकाशा धूत आली होती.

"लिहिली का हो शेवटी ती वही?"

"लिहिली."

"पंख्याचं काय लिहिलंत?"

राजाभाऊ बूट काढत होते. नाडीची गाठ सुटेना. "पंधरा सप्टेंबर."

शीलाने शर्ट खाली घेतला. आतल्या खोलीत रेवा मोठ्याने काहीतरी पाठ करत होती.

"माणसं असतात ना हो तिथं."

"कुणाला काही होत नाही. तापलं की मशीन आपोआप बंद पडतं. नुकसान कंपनीचं."

"आणि त्या पोराचं?"

"त्याचं काय? त्याचा देश आहे. त्याला कोण हात लावतंय!"

शीलाने शर्ट मशीनमध्ये टाकला, झाकण लावलं, आणि त्यावर हात ठेवून विचारलं, "मार्चपर्यंत नक्की ठेवतील?"

राजाभाऊंनी नाडी ओढून तोडली.

रेवा दारात आली. "बाबा, वर्गातली अस्मा विचारत होती, वी आर हिअर टिल बोर्ड्स, राइट? ट्यूशनला नाव द्यायचंय."

"दे नाव," राजाभाऊ म्हणाले. "बापावर विश्वास नाही का?"

*

जासिम रोज 'बघू' म्हणत राहिला. अठरा, एकोणीस, बावीस. बावीस-तेवीसला हवा जराशी बरी झाली; राजाभाऊ त्याच्यामागे हात धुऊन लागले. "आता तरी कर. उद्या मोटरी जळाल्या की तूच जबाबदार." चोवीसला वाफारा परत आला. पाती तिरकीच होती, प्लँट नीट चालत राहिला. राजाभाऊ माचावर एकटे उभे राहिले आणि चोवीस पंख्यांकडे असे बघत राहिले, जशी ती सगळी त्यांच्या सासुरवाडीची माणसं आहेत आणि मुद्दाम गप्प बसलीत.

गुरुवारी जासिम म्हणाला, "उस्ताद, उद्या जुम्मा. कतीफला या. जेवायला. आजोबांच्या बागेत खजूर उतरवतोय."

"मला वेळ नाही."

"या उस्ताद. पंख्यांचं तिथंच ठरवू."

राजाभाऊ गेले. शेवटचा डाव होता. रविवारी तीस तारीख.

बाग जुनी होती, दोन्ही बाजूंनी घरांनी चेपत आणलेली. झाडावर कमरेला दोर बांधून एक माणूस चढला होता आणि घड कापून खाली सोडत होता. चटईवर मच्छी-भाताचं मोठं ताट मांडलं होतं. ताटाशी बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याने राजाभाऊंचा हात धरला तो सोडलाच नाही. काहीतरी विचारलं.

"विचारतात, किती वर्षं झाली," जासिम म्हणाला.

"एकोणीस."

म्हातारा हसला आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला एक काथ्याची दोरी टांगलेली होती. तिला तीन गाठी होत्या.

"हे काय?"

"सुहैल," जासिम म्हणाला. "तारा आहे. ऑगस्टच्या शेवटी पहाटे दिसतो. तो दिसला की आजोबा दोरी टांगतात. दर दहा दिवसांनी एक गाठ. तिसऱ्या गाठीला खजूर आटपायचा. पाचव्या गाठीला रान भिजवायचं, टोमॅटो लावायचे. पाचवीच्या आधी लावलं तर रोप उकडून मरतं." त्याने माशाचा एक मऊ तुकडा काढून राजाभाऊंपुढे सरकवला. "पंख्यांनाही पाचवी गाठ, उस्ताद. अजून दोन आहेत."

राजाभाऊंनी मनात हिशोब केला. तेरा-चौदा ऑक्टोबर येत होतं. घास हातातच राहिला.

जे त्यांनी एकोणीस वर्षं छातीशी धरलं होतं, ते इथं खिळ्याला टांगलेलं होतं. कुणीही यावं, मोजावं.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? मॅनेजरला?"

"काय सांगू? राजू उस्तादला तारीख माहीत नाही?" जासिमने मान हलवली. "कोण ऐकणार?"

म्हाताऱ्याने मध्येच काहीतरी विचारलं. जासिमने अरबीत उत्तर दिलं आणि दोघं हसले. राजाभाऊंना वाटलं, आपल्यालाच हसतात. ते ताडकन उठायला गेले, पण हात अजून म्हाताऱ्याच्या मुठीत होता.

"माझी पोरगी बारावीला आहे," राजाभाऊ म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "सहा महिने. फक्त सहा महिने पाहिजे होते मला. प्लँट बसला असता तर त्यांनी मला थांबवलं असतं."

"नाही उस्ताद." जासिम हळू बोलत होता. "प्लँट बसला असता तर मला काढलं असतं. तीन वर्षं घरी बसून ही नोकरी मिळाली. माझ्या जागी दुसरा सौदी आणला असता, त्याला वही दिली असती. तुम्ही तरीही तीस तारखेलाच गेला असता. तुमचं नाव कंपनीच्या यादीतून जूनमध्येच काढलं. मी पाहिलीय यादी."

झाडावरून घड खाली आला. फडक्यावर धप्प आवाज झाला.

"जूनमध्ये?"

"हं."

राजाभाऊ जूनमध्ये काय करत होते? जूनमध्ये त्यांनी रेवाचे फॉर्म भरले होते. फी भरून आल्यावर तिघं समुद्रावर जाऊन आइस्क्रीम खाऊन आले होते.

म्हाताऱ्याने त्यांचा हात दोनदा थोपटला आणि परत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?"

जासिम ताटाकडे बघत बोलला. "म्हणतात, एकोणीस वर्षं इथली हवा खाल्ली, मग ह्याला ठाऊकच असेल. माझ्या नातवाला नीट शिकव म्हणतात."

*

घरी पोचले तेव्हा रेवा जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. शीलाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. राजाभाऊंनी खजुराचा डबा टेबलावर ठेवला. ठेवायला जागा नव्हती. रेवाने एक वही सरकवली.

"रेवा, ट्यूशनला नाव दिलंस?"

"हो. परवा. का?"

राजाभाऊ खुर्चीवर बसले. काय सांगायचं ते त्यांनी कतीफपासून घोकलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"काढून घे," ते म्हणाले.

रेवा त्यांच्याकडे बघत राहिली. मग आईकडे. मग तिने हातातल्या पेनाला टोपण लावलं, अगदी सावकाश, टक् आवाज होईपर्यंत.

"ओके, बाबा," ती म्हणाली. एवढंच.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

*

रविवारी राजाभाऊ शेवटचे माचावर चढले. जासिमने वही पुढे केली. दोघांच्या सह्या राहिल्या होत्या. राजाभाऊंनी पंख्यांचं पान काढलं. 'पंधरा सप्टेंबर' वर नीट एक रेघ मारलेली होती. तिच्याखाली, त्यांच्याच अक्षराची नक्कल करून, कुणीतरी लिहिलं होतं: 'तारीख नाही. हवा बघून ठरवणे.' इंग्रजी अक्षरं थोडी वेडीवाकडी होती, बाकी नक्कल बरी जमली होती.

"मी लिहिलं," जासिम म्हणाला. "उद्या कुणी पान काढलं तर तुमचं नाव नको खराब व्हायला."

खाली गेट दिसत होतं, गेटबाहेर कंपनीची बस. ह्या पोराचा राग यावा अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांनी त्याच्या कानामागचं पेन ओढून काढलं, वही माचाच्या कठड्यावर टेकवली आणि त्या ओळीखाली लिहायला लागले. दोन ओळी झाल्या. तिसरी अर्धी लिहून खोडली. मग सही केली आणि वही त्याच्या छातीवर दाबली.

जासिमने वाचलं. परत वाचलं. वर बघितलं.

"हे इंजिनिअरिंग आहे, उस्ताद?"

"एकोणीस वर्षांचं आहे."

जासिम हसला नाही. त्याने डावा हात मागे नेला, नव्या युनिफॉर्मचा शर्ट पाठीवर चिमटीत धरला आणि सोडला. शर्ट जाऊन चिकटला.

"अजून नाही," राजाभाऊ म्हणाले, आणि शिडी उतरायला लागले.