विहिरीत माणसाआधी उतरणारा कंदील

मी कंदील बोलतोय. हरसूलजवळच्या एका पाड्यावर, नवसाबाईच्या दाराशी खुंटीला टांगलेला असतो. काच तडकलेली, मूठ गंजलेली. वीज आली तेव्हापासून मला कुणी विचारत नाही. वर्षातून एकदा तेवढी आठवण होते.

उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा असला, की माणसाआधी मला पेटवून दोराने खाली सोडतात. मी तेवत राहिलो तर माणूस उतरतो, विझलो तर कुणी उतरत नाही. जळायला मला प्राणवायू लागतो आणि माणसालाही तोच लागतो. या एका कामाचा मला गर्व आहे, लपवत नाही.

यंदा पाणी फारच खाली गेलं. नवसाबाईच्या नवऱ्याने, सावळीरामने, डिझेलचं इंजिन विहिरीच्या आतल्या टप्प्यावर बसवलं. तासभर धडधडून ते बंद पडलं. काय झालं ते बघायला सावळीराम मोबाइलची बॅटरी लावून पायऱ्या उतरू लागला.

"अवं, आधी कंदील सोडू द्या!"

"ह्यो उजेड काय कमी हाय? लख्ख दिसतंय!"

शहाणाच! मोबाइलच्या दिव्याला हवा लागतच नाही. मेलेल्या माणसाच्या हातातही तो लख्खच राहील.

नवसाबाईने मला पेटवलं आणि त्याच्या मागोमाग सोडलं. त्याला ओलांडून हातभर खाली गेलो, तोच माझी ज्योत लालसर झाली, बारीक झाली आणि नुसता धूर उरला.

"इझला! वर या, वर या!"

तो कसाबसा वर आला आणि काठावर आडवा झाला. तोंड उघडून हवा ओढत राहिला.

त्यांची शुभांगी नाशिकला कॉलेजात शिकते, सुट्टीला घरी आली होती. ती संध्याकाळी म्हणाली, "आई, विहिरीतला प्राणवायू इंजिनाने खाल्ला. कोळसा, डिझेल जिथं जळतं तिथं हेच होतं. जगभरच्या हवेत दर वर्षी दहा लाख कणांमागे प्राणवायूचे चारेक कण कमी होतात."

"मंग आपून समदे गुदमरू?"

"इतक्यात नाही गं, हजारो वर्षं पुरेल. पण धुरातला वायू साचतोय ना, त्याने अडवलेली उष्णता आधी गाठेल आपल्याला."

ते ऐकल्यापासून मला खुंटीवरही भीती वाटते. मीही रॉकेलच पितो, माझेही हात काळे आहेत. पण मी विझतो तरी. तुमची इंजिनं थांबत नाहीत. बाबांनो, वेळेवर बंद करा ती. सावळीरामला वर यायला काठ होता. तुमची विहीर म्हणजे साऱ्या जगाची हवा, तिला काठ नाही.