लायकाची दूधभाकरी

नाना पेपरवर बसले होते. खरंच बसले होते, खुर्चीत, रविवारची पुरवणी मांडीखाली घालून.

"नाना, जरा उठा. शेपटीत भरायला कागद हवाय."

"कापूस भर."

"कापूस कानांत संपला."

"मग चिंध्या भर ना! मी वाचतोय."

मांडीखालचा पेपर कसा वाचतात ते मी विचारलं नाही. माझे वडील तीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वर्गात 'प्रभाकर सर आले' म्हटलं की मुलं पाठ ताठ करत. कागदासाठी हट्ट करणारा माणूस नव्हे.

संध्याकाळी सहाला आमच्या मराठी मंडळात बालदिनाचा कार्यक्रम होता, विषय 'सगळ्यात आधी कोण?' कुणाचा मुलगा राइट बंधूंतला धाकटा, कुणी अंतराळवीर गागारिन, कुणी तेरेश्कोवा. माझी पाच वर्षांची शिवानी लायका, पृथ्वीभोवती फिरलेला पहिला जीव, रशियाची कुत्री. कोटीच्या बाजारातून आणलेल्या तपकिरी मखमलीचा पोशाख मी तिच्या दुपारच्या झोपेत पंधरा दिवस शिवत होते. तिची वाक्यंही मीच लिहिली होती, इंग्रजी अक्षरांत, कारण आमच्या दिलसुखनगरच्या कॉन्व्हेंटात मराठीचा 'क' अजून आलेला नाही. 'मी लायका. मी सगळ्यांच्या आधी गेले. मग परत आले आणि दूधभाकरी खाल्ली.'

नाना पाणी प्यायला उठले आणि मी पुरवणी ओढली. चुरगळणार, तोच फोटोतलं ते तोंड दिसलं. टोकदार, भाबडं, कपाळावर पांढरा पट्टा. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की रशियन शास्त्रज्ञांनी पंचेचाळीस वर्षांनी कबूल केलं: लायका उडाल्यावर पाच-सात तासांतच मेली. यान तापलं होतं. आणि भीतीने.

मी ती ओळ तीनदा वाचली. 

"नाना, हे काय छापलंय? ही तर परत आली होती."

नाना तांब्या धरून दारातच उभे होते. माणूस चोरी करताना सापडावा तसे.

"वृषाली," ते म्हणाले, "ती कधीच परत येणार नव्हती. परत आणायची सोयच केली नव्हती त्यांनी."

"पण तुम्ही मला फोटो दाखवला होता! यानातून उतरलेली कुत्री, गळ्यात पट्टा…"

"ती स्ट्रेल्का. तीन वर्षांनी अवकाशात गेली. ती खरंच आली परत. पुढे पिल्लंही झाली तिला."

मी तिशीला आलेली बाई, एका मुलीची आई, भर दुपारी शेपूट हातात धरून खाली बसले. मी लहान असताना ताप आला की नाना लायकाची गोष्ट सांगायचे. ती पॅराशूटने उतरते, बर्फात धावते, तिला दूधभाकरी मिळते. ती गोष्ट मी शिवानीला किती वेळा सांगितली असेल! तिचा घास त्या गोष्टीवरच उतरतो.

"का सांगितलंत?"

"पाच वर्षांची होतीस. मी खरं सांगितलं होतं आधी. तू दोन दिवस जेवली नाहीस. तुझी आई म्हणाली, आता तुम्हीच निस्तरा." ते माझ्यासमोर हळूच टेकले. "शाळेत दरवर्षी खरं शिकवलं गं मी. आठवडाभर जगली, मग झोपेतच गेली, असं. खोटं फक्त घरी." मग पेपरकडे बघून म्हणाले, "आज कळलं, शाळेतलंही खोटंच होतं. पाच-सात तास! आणि मी हजार पोरांना आठवडा सांगितला."

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी रागावायची थांबले, पण धक्का काही थांबेना.

"असं कर," नाना म्हणाले, "शिवूला स्ट्रेल्का म्हणायला लाव. पोशाख तोच, वाक्यंही तीच. कुणाचंच खोटं नको."

"आणि तिने विचारलं, लायका कुठे गेली, तर?"

नाना तांब्या घेऊन आत गेले.

चार वाजता शिवानी उठली. केस विंचरता विंचरता मी तिला सांगितलं. सगळं नाही, पण खोटं एकही नाही. ती वळून माझ्याकडे बघतच राहिली.

"परत नाही आली?"

"नाही, राजा."

"मग असलं हौला, खोटं सांगितलं कुणी, तुला?"

"नानांनी. मी जेवत नव्हते म्हणून."

"आणि लायकाला? तिला कुणी बोललं का, तू वापस येणार नाही म्हणून?"

"नाही. तिला कुणीच नाही सांगितलं."

तिचं तोंड उघडंच राहिलं. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मग मी जवळ घेईन. तिने फक्त शेपूट मागितली आणि स्वतःच बांधायला घेतली. "स्ट्रेल्का हो ना गं," मी म्हटलं. "नक्को," म्हणाली.

सभागृह भरलं होतं. निम्मे लोक नानांचे जुने विद्यार्थी. ते येऊन वाकून नमस्कार करत होते आणि नाना प्रत्येकाला "पुरे, पुरे" म्हणत होते. मंडळाच्या इंदुताईंनी नाव पुकारलं. शिवानी चालत माईकपाशी गेली.

"मी लायका. मी सगळ्यांच्या आधी गेले." थांबली. "परत नाही आले."

टाळ्या वाजल्या, मग विरल्या. कारण शिवानी जाईना. इंदुताई विंगेतून हात हलवत होत्या, "ये बाळा, ये आता." तिने मान हलवली. परत यायचंच नव्हतं तिला. मागे गागारिन पुठ्ठ्याचं शिरस्त्राण सावरत ताटकळला होता. पुढच्या रांगेत कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं.

मी उठणार, तेवढ्यात नाना उठले. गुडघे धरत पायऱ्या चढले आणि तिच्यासमोर खाली बसले.

"चल शिवू, घरी जाऊ."

"नानू, तुम्ही आईला खोटं बोलले?"

माईक चालूच होता. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. नानांनी एकदा सभागृहाकडे पाहिलं, त्या सगळ्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे.

"हो," ते म्हणाले. "आणि ह्या सगळ्यांना चूक शिकवलं."

 शिवानीने त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग मखमलीचा पंजा पुढे केला, आणि नानांना धरून उठवायला लागली.